‘कामून’ विचारू द्या

पातूर, जि. अकोला
मकरसंक्रांत, 14 जानेवारी 2025

अमरावती विभागातल्या पाचही जिल्ह्यांत पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि मॅडमना,



पहिल्या सत्राची परीक्षा संपली, निकाल यायचा आहे, दुसरं सत्र सुरू व्हायला थोडे दिवस आहेत. माय सकाळपासून तिळाच्या लाडवांत गुंतली आहे आणि मी ओसरीवर वही घेऊन बसले आहे. मी जिथे शिकते तिथल्या कुणा एका सरांना हे पत्र लिहिलेलं नाही. तसं असतं तर स्टाफरूमच्या दारात उभं राहून बोलता आलं असतं. खरं सांगायचं तर तेही जमलं नसतं. या सत्रात मी त्या दारापर्यंत कितीदा तरी गेले आणि चौकटीला हात लावून परत आले. तशाच परत फिरणाऱ्या आणखी मुली मला तिथे दिसायच्या. पत्राचं कारण तेच आहे.

आमच्या वऱ्हाडात ‘का’ला ‘कामून’ म्हणतात. लहानपणी हा शब्द आमच्या तोंडून सुटत नाही. चंद्र आपल्यासंग कामून चालते, वावरात पाणी साचलं की तूर पिवळी कामून पडते, रेणुकामातेच्या टेकडीवर उभं राहिलं की गाव एवढंसं कामून दिसते. मोठी माणसं वैतागतात, तरी काहीतरी उत्तर देतात. पुढे शाळा येते, दहावी येते, अकरावी-बारावी येते, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या बाकावर बसेपर्यंत तो शब्द गळून गेलेला असतो. ढगाळ हवेत कपाशीची पाती, म्हणजे कोवळी कळी, गळते तसा, आवाज न करता. तो गळतो कसा, आणि तुम्ही मनावर घेतलं तर परत कसा येतो, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी आम्ही कुठून येतो ते सांगते. पातुरात कला आणि वाणिज्याचं महाविद्यालय आहे, पण विज्ञानासाठी आमच्यातले बहुतेक जण अकोला गाठतात. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. आलेगावकडच्या, मळसूरकडच्या मुली आधी पातूरला येतात, मग आम्ही एकत्र गाडी पकडतो. कापशीचा तलाव मागे पडेपर्यंत कुणी फारसं बोलत नाही. बऱ्याच जणी घरचं सगळं आवरून निघालेल्या असतात. बारावीपर्यंत खेड्यातल्या मुलींचा एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत पूर्ण माफ असतो. बारावी झाली की ती माफी संपते आणि इतर विद्यार्थ्यांसारखा एक तृतीयांश भाड्याचा मासिक पास काढावा लागतो. रक्कम मोठी नाही, हे मलाही कळतं. पण ज्या दिवशी बाबा पहिल्यांदा पासाचे पैसे मोजून देतात, त्या दिवसापासून पोरीचं शिक्षण घरातला एक खर्च होऊन बसतं. मग दर महिन्याला कुणीतरी विचारतं, ‘काय शिकून राह्यली वं?’ आणि तिला उत्तर देता यावं लागतं. ते उत्तर तिच्या तोंडी यावं, हे तुमच्या हातात आहे.

आता वर्गाचं. सर, मॅडम, पहिल्या दिवशी तुमच्यासमोर जो वर्ग बसतो, त्यातली बरीच मुलं मनाने तिथे नसतात. अकोला हे शिकवणीचं शहर आहे. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली मुलं वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी इथे खोल्या करून राहतात. दोन वर्षं आमचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात होतं आणि शिकणं दुसरीकडे. तेव्हा 200 प्रश्न असायचे, त्यातले 180 सोडवायचे, 200 मिनिटं, प्रत्येकाला चार पर्याय, बरोबर गोल काळा केला तर चार गुण, चुकला तर एक वजा. दोन वर्षं रोज हेच. या परीक्षेत ‘कामून’ विचारणारा मागे राहतो, कारण एका प्रश्नाला मिनिटाच्या वर फार वेळ नाही. ‘हे असंच असतं, लक्षात ठेव,’ हे वाक्य मी दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलं की पुढे ते मीच माझ्या धाकट्या भावाला ऐकवायला लागले.

आमचं वर्ष तर आणखीच निराळं गेलं. 5 मे 2024 ला परीक्षा झाली, 4 जूनला निकाल लागला, 67 जणांना 720 पैकी 720, मग पेपरफुटीची प्रकरणं, काहींची फेरपरीक्षा, आणि परीक्षा रद्द होणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत 23 जुलै उजाडला. तोवर आमच्यातल्या अनेकांनी बी.एस्सी.चा अर्ज ‘असू द्या’ म्हणून भरून ठेवला होता. मीही. गावात भेटेल तो म्हणायचा, ‘डॉक्टरकीले नाही लागली का मंग?’ आणि अशा मनःस्थितीत वर्गात पाऊल टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात फळ्याजवळून ऐकू आलं की, तुम्ही सगळे नीटमधून उरलेले आहात, हे मला ठाऊक आहे. बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण त्या वाक्यानंतर वर्गातल्या माना खाली गेल्या त्या बरेच दिवस वर आल्या नाहीत. कृपा करून हे वाक्य कुठल्याच वर्गात बोलू नका. मनात असलं तरी बोलू नका. उरलेला माणूस प्रश्न विचारत नाही.

मग सप्टेंबर आला. गणपती उठले होते. एका प्रात्यक्षिकाला आम्हाला जास्वंदाची फुलं दिली होती. ब्लेडने उभा छेद घ्यायचा, सुईने भाग वेगळे करायचे, आकृती काढायची, नावं द्यायची. मी फूल उलटं धरलं आणि देठाजवळची हिरवी छोटी पानं पाहिली. हे मी रोज पाहिलेलं होतं, फक्त दुसऱ्या झाडावर. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘सर, कपाशीलेबी असंच असते. पण तिची पानं एवढी मोठी कामून?’

वर्ग हसला. मी चुकीचं काही बोलले म्हणून हसला असं नाही. ‘कामून’ला हसला, ‘कपाशीलेबी’ला हसला. हसणाऱ्यांतले निम्मे तरी घरी हेच बोलतात, हे मला माहीत होतं. मी पुन्हा ब्लेड उचललं. सर मात्र हसले नाहीत. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘उद्या वावरातून कपाशी घेऊन ये. पाती, फूल, बोंड, जे मिळेल ते.’ सर ‘वावर’ म्हणाले. शेत नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या डब्यात ओल्या फडक्यात सगळं गुंडाळून नेलं. दोन पात्या, सकाळी उमललेलं दुधाळ पिवळसर फूल, आदल्या दिवशीचं गुलाबी पडलेलं फूल, एक कच्चं बोंड, आणि एक कळी, जी उमलतच नव्हती. सरांनी पातीभोवतीची तीन दातेरी पानं उघडून दाखवली. शेतात आम्ही अळी शोधायला तीच उघडतो. त्यांनी फळ्यावर ‘एपिकॅलिक्स’ लिहिलं, शेजारी ‘अपिसंवर्त’ लिहिलं आणि मला विचारलं, ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ आमच्याकडे त्याला वेगळं नाव नाही, ती पातीच. मग पिवळं आणि गुलाबी फूल शेजारी शेजारी ठेवून त्यांनी सांगितलं की ही दोन जातींची फुलं नव्हेत, हे एकाच फुलाचे दोन दिवस आहेत. उमलल्यानंतर पाकळ्यांत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं. हा शब्द मी नीटसाठी पाठ केलेला होता. चार पर्यायांतून तो मी बरोबर ओळखलाही असता. आमच्या कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, हेही मला चौथीपासून माहीत होतं. या दोन गोष्टी एकच आहेत, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग सरांनी ती न उमललेली कळी उचलली. ‘ही अशी का?’ मी म्हटलं, ‘सर, ही डोमकळी हाये.’ सरांना शब्द नवा होता. ते टेबलाशेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘सांग.’

मी सांगितलं. गुलाबी बोंडअळी कळीत शिरली की आतून धागे सोडून पाकळ्या चिकटवून टाकते. फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. बाबा सकाळी धुऱ्याधुऱ्याने फिरतात आणि अशा कळ्या तोडून नष्ट करतात. 2017 साली या अळीने विदर्भातली कपाशी खाल्ली तेव्हा मी सहावीत होते. त्या साली आमच्या घरी बोंडं फोडली की आत कापसाऐवजी काळपट सरकी निघायची. मी हे सगळं वऱ्हाडीत बोलत होते आणि कुणी हसत नव्हतं. मागच्या टेबलावरचा एक मुलगा पुढे आला आणि म्हणाला, आमच्याकडेही तसंच झालं होतं.

सरांनी मग वर्गाला विचारलं, बीटी कपाशी बोंडअळीला मारते म्हणून तर आली होती, मग अळी मेली कामून नाही? हो, ते ‘कामून’ म्हणाले. त्या तासाला आम्ही जे शिकलो ते मी कधी विसरणार नाही. बीटीचं बियाणं भारतात 2002 साली आलं. त्या झाडात अळीला मारणारं एक प्रथिन तयार होतं. लाखो अळ्यांतल्या एखाद-दुसरीला ते पचतं. सगळीकडे तेच झाड असेल तर जगणारी तीच, आणि पिल्लंही तिचीच. म्हणून बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याचं एक छोटं पाकीट मिळायचं. ते शेताच्या कडेने पेरायचं होतं, म्हणजे तिथे साध्या अळ्याही जगतील आणि वरचढ अळ्यांची त्यांच्याशी सरमिसळ होत राहील. विदर्भात बऱ्याच शेतकऱ्यांनी ते पेरलं नाही. मी घरी जाऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, ‘अळी लागतेच त्याले, तं पेरावं कायले? आमी फेकून देत होतो.’ ते पाकीट कशासाठी आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. बाबा बारावीपर्यंत शिकलेले आहेत.

सर, मॅडम, न विचारण्याची किंमत काय असते ते मला त्या रात्री समजलं. शिकलेल्या माणसाने ‘कामून’ विचारलं नाही की काळपट सरकी घरात येते.

त्या एका प्रात्यक्षिकाने माझं सत्र बदललं, पण असे तास किती झाले, तर फार थोडे. बाकी बहुतेक ठिकाणी नोट्स सांगितल्या गेल्या आणि आम्ही उतरवल्या, किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली आणि आम्ही झेरॉक्स काढली. आम्ही गप्प होतो म्हणून तुम्हाला वाटलं असेल की आम्हाला समजलं. समजलं नव्हतं. बारावीपर्यंतचं विज्ञान आमचं इंग्रजीतच झालं, हे खरं आहे. पण ते इंग्रजी ओळखायचं होतं, बोलायचं नव्हतं. पर्याय ओळखता येतो तेवढ्या इंग्रजीत शंका विचारता येत नाही. मराठीत विचारावी तर विज्ञानाचे शब्द मराठीत येत नाहीत, आणि वऱ्हाडीत विचारावी तर हसू होतं. तीन भाषा असून आम्ही मुके.

या बाबतीत तुमच्याकडे मागणं मागताना मी हवेत बोलत नाही. एप्रिल 2023 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानेच विद्यापीठांना कळवलं होतं की अभ्यासक्रम इंग्रजीतला असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. शास्त्रीय शब्दांसाठी 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत आणि ते आता मोबाइलवरही उघडतात. 1976 साली पहिला खंड निघालेला मराठी विश्वकोशही तसाच उघडतो. जास्वंदाच्या कुळाची माहिती मी त्यातच वाचली. आमचं पहिलं सत्र चालू असताना, 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, जिथे लीळाचरित्र सिद्ध झालं त्या रिद्धपुरात, मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहतं आहे. इतकं सगळं आजूबाजूला होत असताना आमच्या वर्गात ‘किंजपुट’ हा शब्द मी एकाच सरांच्या तोंडून ऐकला.

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. पुढे एम.एस्सी. करायची तर इंग्रजी लागणार, आणि ते मी शिकणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिल्या सत्रात प्रत्येक नवा शब्द फळ्यावर दोनदा लिहा, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत, आणि तिसऱ्यांदा आम्हाला विचारा की तुमच्याकडे याला काय म्हणतात. कधी शब्द निघेल, कधी निघणार नाही. पण तुम्ही विचारलंत की आमचं तोंड उघडतं, आणि एकदा उघडलं की मग इंग्रजीतही उघडेल.

वेळेचंही बोलायला हवं. नवीन शैक्षणिक धोरण संलग्नित महाविद्यालयांत 2024-25 पासून आलं, म्हणजे आमची पहिलीच तुकडी. मुख्य विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्याचा पेपर, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, अशा नावांची यादी मी बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, ‘एवढे इशय?’ एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरला 30. कागदावर हिशेब चोख आहे. पण प्रवेश लांबले, मग गणपती, मग दिवाळी, मग 20 नोव्हेंबरची विधानसभेची निवडणूक. शिकवणारे निवडणुकीच्या कामाला गेले. काही पेपरांना आम्ही 30 तासांच्या जवळपासही गेलो नाही. हा दोष तुमचा नाही आणि आमचाही नाही. पण उरलेल्या तासांत सगळा अभ्यासक्रम धावत संपवायचा की अर्धा नीट शिकवायचा, हे ठरवताना आम्हाला एकदा विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं.

आणखी एक. ऑक्टोबरात आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी असते आणि दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते. वेचणीच्या आरंभीचं सीतादही झालं की घरातले सगळे हात वावरात. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. त्या दिवसांत हजेरीपटावर ज्यांच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागते त्या मुली झोपलेल्या नसतात. त्या कमरेला ओटी बांधून कापूस वेचत असतात. 75 टक्के हजेरीचा नियम नियम म्हणून असू द्या. पण परत आलेल्या मुलीला सगळ्यांदेखत ‘इतके दिवस कुठे होतीस?’ असं विचारण्याऐवजी तिला बाजूला घेऊन विचारा. ती खरं सांगेल.

माझ्या बसमधली एक मैत्रीण दिवाळीनंतर आलीच नाही. तिचं नाव लिहीत नाही. हुशार होती, माझ्यापेक्षा तिची आकृती नेहमी नीटनेटकी यायची. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिच्या मोठ्या काकांनी मला सांगितलं की आता एका वर्षातही सर्टिफिकेट मिळते म्हणतात, मग तीन वर्षं कायले? म्हणजे नव्या धोरणातली एक ओळ तिच्या घरापर्यंत पोचली होती. एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. बाहेर पडायची दारं नेमकी पोचली. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं, सात वर्षांच्या आत पदवी पुरी करता येते, मिळवलेली क्रेडिट क्रेडिट बँकेत जमा राहतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मलाही तोवर माहीत नव्हतं; नंतर मी ते शोधून वाचलं आणि तिच्या घरी पुन्हा गेले. काका म्हणाले, ‘पाहू.’ सर, मॅडम, हे ज्या दिवशी प्रवेश होतो त्या दिवशी पालकांना समोर बसवून सांगायला हवं, मराठीत, सावकाश. धोरणाने मुलींना दार दिलं आहे, पण ते आत यायचं आहे की बाहेर जायचं, हे सांगणारं माणूस दाराशी उभं नाही.

तुमचंही ओझं आम्हाला दिसतं. ज्या सरांनी कपाशी मागवली ते तासिका तत्त्वावर आहेत. एका महाविद्यालयातला तास संपला की ते मोटारसायकलवर दुसरीकडे जातात. जितके तास घेतील तितक्याचेच पैसे, सुट्ट्यांत काही नाही, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईलच असंही नाही. आम्हाला सगळ्यांत चांगलं शिकवणारा माणूस आमच्या महाविद्यालयाचा कायमचा माणूस नाही, हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. रिकाम्या जागा भरा असं तुम्हाला सांगून उपयोग नाही, ते तुमच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांनीही हे पत्र वाचावं, एवढीच इच्छा. पण ज्या माणसाच्या नोकरीचा भरवसा नाही, त्याने एका मुलीच्या प्रश्नासाठी आपला तास मोकळा केला, हेही तेवढंच खरं आहे. त्याला पैसा लागला नाही, परिपत्रक लागलं नाही. एक स्टूल लागलं आणि ‘सांग’ हा शब्द.

आपलं विद्यापीठ 1 मे 1983 ला नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं आणि आज ते ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते गाडगेबाबा शेंडगावचे. ते शाळेत शिकलेले नव्हते. त्यांचं कीर्तन कसं चालायचं ते माझी आजी तिच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगते. गाडगेबाबा समोर बसलेल्या माणसांना प्रश्न विचारायचे, आपल्या वऱ्हाडी बोलीत, एकामागून एक. लोक उत्तरं द्यायचे, त्या उत्तरातून बाबा पुढचा प्रश्न काढायचे, आणि शेवटी लोक स्वतःच्याच तोंडून जे बोलून बसायचे तेच बाबांना सांगायचं असायचं. देव नवसाला पावतो का, कर्ज काढून सण करावा का, पोराला शाळेत का घालत नाही. हजारो माणसं बसायची आणि गप्प कुणी नसायचं. आमच्या प्रवेशपत्रावर आणि गुणपत्रिकेवर त्या माणसाचं नाव असतं. त्यांची पद्धत आमच्या वर्गात यावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या जुलैत नवी मुलं येतील. पहिले पंधरा दिवस अभ्यासक्रम बाजूला ठेवा. प्रत्येकाला नाव आणि गाव विचारा, आणि घरून एक वस्तू आणायला सांगा: दगड, पान, बियाणं, अंगणातलं शेण, विहिरीचं पाणी, काहीही. विज्ञानाचाच नव्हे, कला-वाणिज्याचाही वर्ग असेल तर जुना सातबारा, बाजारपट्टी, लग्नातलं गाणं, पातूरच्या लेण्यांचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्या वस्तूवर एक प्रश्न विचारायला लावा, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. कुणी हसलं तर तुम्ही हसू नका, म्हणजे ते हसू आपोआप थांबतं. हे मी पाहिलं आहे. तुम्हाला उत्तर माहीत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, उद्या पाहून सांगतो’ म्हणा. आमच्या सरांना डोमकळी माहीत नव्हती. त्यामुळे त्यांचा मान आमच्या मनात वाढला.

आमच्या वावरात आता हरभरा उभा आहे, घाटे भरायला लागले आहेत. पहाटे हरभऱ्यातून चाललं की पावलं ओली होतात आणि ते पाणी जिभेला लावलं तर आंबट लागतं. आजी पूर्वी रात्री झाडांवर धुतलेलं फडकं पसरायची, सकाळी ते पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायची आणि पोट दुखलं की चमचाभर द्यायची. शेजारच्या गव्हावरही तेच दव पडतं, पण ते आंबट नसतं. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी हरभऱ्याचं एक झाड मुळासकट घेऊन येणार आहे. ती आंब आंबट कामून लागते, हे मला विचारायचं आहे.

आपली नम्र,
बी.एस्सी. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी,
पातूर